गोठ्यातली मातीची नर्स

मी आमच्या चाळीचा चिटणीस आहे. तेव्हाही होतो, आजही आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला वाटेल की असल्या माणसाला लोकांनी पदावरून काढलं असेल. काढलं नाही. काढायचं तर दुसरा कुणीतरी बसवावा लागतो, आणि पाण्याच्या टाकीची चावी सांभाळायला आमच्याकडे कुणी तयार नसतं.

लालबागमधली जुनी तीनमजली चाळ. फाटकातून आत आलं की लांबट पटांगण, पुढे जिना आणि जिन्याशेजारी सूचनांचा काळा फळा. नोकरीत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. माझं स्वतःचं म्हणावं असं जे काही लेखन आहे ते या फळ्यावरचं. अक्षर चांगलं आहे. लोक म्हणायचे, "सेक्रेटरी, उद्या पाणी येणार नाही हे तुम्ही इतकं सुंदर लिहिता की रागच येत नाही." मला याचा फार अभिमान होता. ज्या गोष्टीचा राग यायला हवा तिचा राग येऊ न देणं ही मी मोठी कला समजत होतो.

जिन्याला लागून तळमजल्याच्या पहिल्या खोलीत मावशी राहते. सगळी चाळ तिला मावशीच म्हणते. सावंतवाडीकडची ख्रिस्ती बाई. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आखातात. आमच्या घरांतून मालवणी आता फक्त भांडणापुरती उरली आहे, मावशी मात्र देवाशीसुद्धा मालवणीतच बोलते. एकटेपणा नको म्हणून तिने एक मुलगी पेइंग गेस्ट ठेवली होती. मुलगी नांदेडकडची, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स, आणि हिंदू. मावशीने येशूच्या तसबिरीशेजारी आणखी एक खिळा ठोकून दिला आणि त्यावर मुलीची तुळजाभवानी लागली. दोघी एका ताटात जेवायच्या नाहीत, कारण मुलीला मावशीचं सुक्या बांगड्याचं सार सोसायचं नाही, आणि मुलीचा ठेचा खाऊन मावशी दोन दिवस ताक पीत बसायची. एवढा एक मतभेद सोडला तर मायलेकीच.

मग तो आजार आला.

मार्चमधल्या त्या संध्याकाळी पाच वाजता आम्ही सगळे गॅलरीत उभे राहिलो आणि थाळ्या वाजवल्या. आमचे अध्यक्ष माझ्याच मजल्यावर राहतात, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि आवाजाने वीस. त्यांनी पातेलं आणलं होतं. नेमकी त्याच वेळी ती मुलगी ड्युटीला निघाली. ती पटांगणात दिसताच आम्हाला आणखीच चेव आला. "सिस्टर, तुमच्यासाठी!" अध्यक्ष ओरडले. ती लाजून वर बघत हात जोडत राहिली. माझी थाळी पितळेची, आजोबांच्या वेळची. तिला पोचा पडला. मी तो पोचा दोन दिवस लोकांना दाखवत होतो.

चार आठवडेही झाले नसतील, शेजारच्या चाळीत एक माणूस सापडला. 'सापडला' असंच आम्ही म्हणायचो, चोर सापडतो तसं. त्याच दुपारी जिन्यात समितीची बैठक झाली. पाच जण, पाच पायऱ्यांवर. अध्यक्ष म्हणाले, "आपल्यात हॉस्पिटलमध्ये जाणारं कोण आहे?" सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्ष स्वतः रोज सकाळी मासे मिळतात का बघायला बाहेर पडत, पण माशांचं वेगळं होतं. ठराव झाला, आणि मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं:

'चाळीतील सर्वांच्या आरोग्याच्या दृष्टीने, रुग्णालयीन सेवेत असणाऱ्या व्यक्तींनी पुढील सूचनेपर्यंत आपल्या निवासाची व्यवस्था अन्यत्र करावी. सहकार्याबद्दल आभार. हुकुमावरून.'

'सहकार्याबद्दल आभार' हे गुलाबी खडूने. अध्यक्षांनी फळा खिळ्यावरून काढून फाटकात नेऊन ठेवायला लावला, म्हणजे कुणाला तोंडाने काही सांगावं लागणार नाही. फाटकाला आडवा बांबू बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रात्रपाळी करून आली. बांबूपाशी थांबून तिने फळा वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. माझी बायको आतून मला म्हणत होती, "अहो, खाली जाऊन तोंडाने तरी सांगा. माणूस आहे ती, कुरियरवाली नाही." मी गेलो नाही. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आमच्या चादरी वाळत होत्या, त्यांच्यामागे उभा राहून मी फटीतून बघत होतो. मावशी गाऊनवरच धावत गेली, तिने पुष्कळ आरडाओरडा केला, खालून एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या. माझंही घेतलं. कुणी ओ दिली नाही. शेवटी ती मुलीचे कपडे पिशवीत भरून घेऊन आली आणि पिशवी बांबूवरून पलीकडे दिली. मुलगी वर गॅलऱ्यांकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, मग परळच्या दिशेने चालू लागली. तेव्हा अध्यक्ष वरून म्हणाले, "काळजी घ्या हो, सिस्टर!" हे मी रचून सांगत नाही. ते खरंच असं म्हणाले, आणि मला त्या वेळी ते चांगलंही वाटलं.

मावशीने नंतर विचारलं, तेव्हा मी सांगितलं की त्या वेळी मी रेशनच्या रांगेत होतो.

मी पापभीरू माणूस आहे. पापभीरू माणूस पाप करत नाही असा लोकांचा समज असतो. तो करतो, आणि मग भितो. पावसाळ्यात निर्बंध सैल झाले तेव्हा मी फळा पुसला, जागेवर लावला, बांबू सोडला. 'पुढील सूचना' मात्र दिली नाही. त्या मुलीला फोन करून 'आता या' असं सांगायला हवं होतं, ते कुणीच सांगितलं नाही. न बोलावता ती का येईल? हॉस्पिटलने सोय केलेल्या ठिकाणी चौघींच्या खोलीत एक पलंग मिळवून ती राहत होती. मावशीला रोज फोन करायची. मावशी माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त लाइटचं बिल वाचायला माझ्याकडे आणणं बंद केलं. भिंगातून आकडे लावत स्वतःच वाचत बसायची, आणि ते मला जिन्यावरून दिसायचं.

दर वर्षी डिसेंबर अर्धा झाला की मावशी जिन्याखाली, फळ्याच्या बाजूला, गोठा मांडते. ट्रंकेतून मूर्ती निघतात, दादरच्या बाजारातून पेंढा येतो, वाट्यांत पेरलेली नाचणी कोवळी हिरवी वर येते आणि तिचं कुरण होतं. वर आमच्या दिवाळीचाच आकाशकंदील, मावशी त्याला तारा म्हणते. आम्ही लहान असताना ती गोठ्यापाशी बसवून आम्हाला गोष्ट सांगायची आणि हातावर नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, ठेवायची. त्या वर्षी पंधरा तारीख उलटली, सोळा उलटली, जिन्याखाली काही नाही. चर्चमध्येही साठीच्या पुढच्यांनी येऊ नये असं सांगितलेलं. म्हणजे मावशीला त्या वर्षी नाताळ नव्हताच.

"तुमच्यामुळे," बायको म्हणाली.

"माझ्यामुळे कसा? आजारामुळे."

"नाचणी पेरायला आजार आडवा आला होता का?"

मग मी जे केलं ते मी नेहमीच करतो. मावशीपाशी जाऊन दोन शब्द बोलायचे सोडून मी विषय समितीपुढे ठेवला. म्हटलं, यंदा मावशीच्या वतीने गोठा चाळीने मांडावा. सगळ्यांना कल्पना फारच आवडली. त्या वर्षी गणपतीत देखावा करायला मिळाला नव्हता. लालबागच्या माणसाचा देखावा चुकला तर त्याला वर्षभर अपचन होतं. मी मावशीच्या दारात जाऊन ट्रंकेची चावी मागितली. ती आत गेली, चावी आणून उंबऱ्यावर ठेवली आणि दार लोटून घेतलं.

ट्रंक मी उघडली. जुन्या मराठी पेपरांत गुंडाळलेल्या मूर्ती एकेक बाहेर काढल्या. मारिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, गाय, कान तुटलेलं गाढव, बाळ. मावशीच्या गोष्टीत आणखी एक माणूस असायचा. दिवस भरलेली बाई घेऊन योसेफ दाराशी येतो तेव्हा 'जागा नाय' म्हणणारा, धर्मशाळेचा मालक. आम्ही पोरं त्याच्या नावाने बोटं मोडायचो. मी ट्रंकेचा तळ चाचपून बघितला. तो नव्हता. त्याची मूर्ती कुणी करतच नसावं. मला वाटलं, याचंही अक्षर चांगलं असेल.

देखावा उभा राहू लागला. गणपतीचा चौरंगच वापरला, त्यामागे जांभळा मखमली पडदा लावला, बाळाच्या डोक्यामागे फिरतं चक्र. योसेफाला झेंडूचा हार घातला. आमच्यातल्या एकाने तर विचारलंही, "विसर्जन दीड दिवसाचं की पाच?" आणि कुणी हसलं नाही, कारण प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. तरी अध्यक्ष चौरंगासमोर कपाळाला आठ्या घालून उभे.

"काहीतरी कमी आहे."

"काय?"

"संदेश. नुसता गोठा कसा चालेल? सामाजिक संदेश पाहिजे."

एकदा हे तोंडातून बाहेर पडल्यावर लालबागमध्ये त्याला विरोध करता येत नाही. संदेश ठरला, करोना योद्ध्यांना मानवंदना. चाळीत मूर्तिकाराच्या कारखान्यात काम करणारा एक जण आहे, त्याने दोन दिवसांत शाडूची नर्स केली. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, हात जोडलेले. जरा मोठी झाली. बसलेला मेंढपाळ तिच्या गुडघ्यापर्यंत आणि योसेफ खांद्याला. तिला गाईच्या आणि मारियेच्या मध्ये, अगदी पुढे उभं केलं. मी ते सगळं बघत होतो. पुठ्ठ्यावर 'सलाम तुमच्या सेवेला' हे मीच लिहिलं. अक्षर उत्तम आलं.

वीस तारखेला संध्याकाळी आम्ही मावशीला बोलावलं. पडदा सरकवला, चक्र फिरू लागलं, चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने एकेक मूर्ती नीट पाहिली. मग शाडूच्या नर्सकडे बोट केलं.

"ही कोण?"

"मावशी, ही नर्स," अध्यक्ष म्हणाले. "आपली मानवंदना. कशी वाटली?"

"बरी आसा. हिका तुम्ही आत घेतलात?"

"म्हणजे काय! अगदी पुढच्या रांगेत."

"मातयेची चलता," मावशी म्हणाली. "जिती चलना नाय."

चक्राची मोटर तेवढी घरघरत होती. मावशी पुढे झाली, तिने गव्हाणीतलं बाळ उचललं, फुंकर मारून त्यावरची चमकी उडवली आणि पदराखालून रुमाल काढून त्यात गुंडाळलं.

"आणि ह्येका कोणी भायर काढल्यान? अजून जन्माक येवक नाय तो. चोवीसाक येतलो."

खरंच की. दर वर्षी गव्हाण चोवीसपर्यंत रिकामीच असायची. जन्मापासून आम्ही हा गोठा बघत आलो, पण आमचं सगळं लक्ष नेवऱ्यांकडे. आम्ही आपली गणपतीसारखी पहिल्याच दिवशी स्थापना करून मोकळे झालो होतो.

"हात्तिच्या, एवढंच ना?" अध्यक्ष म्हणाले. "चोवीसला मी ठेवतो परत."

"तुम्ही? घरातल्या धाकट्यान ठेवूचा आसता. तुम्ही तर समितीत सगळ्यांत थोरले." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी हसली नाही. "माझ्या घरात धाकटी ती. तीन वर्सां तीच ठेवता. ती इली तर बाळ गव्हाणीत येतला. नाय इली तर गव्हाण रिकामी रवतली. त्यात काय मोठा? माझी खोलीय रिकामीच आसा."

बाळ घेऊन ती आत गेली.

समितीपुढे आता खरा पेच होता. पंचवीसला सकाळी नगरसेवक फोटोसाठी येणार होते. गोठा आहे, संदेश आहे, आणि मधोमध रिकामं गवत. "लोक विचारतील बाळ कुठाय," अध्यक्ष म्हणाले. "त्या मुलीला बोलवा. सत्कारच करू तिचा. शाल, श्रीफळ. एका दगडात..." ते थांबले, कारण दगड कुणाला मारायचा हे त्यांनाच कळेना. पत्र घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'आमची चूक झाली.' अध्यक्षांनी ते खोडलं. "चूक लेखी देतात का कधी? अडकतो माणूस." तिसऱ्या खर्ड्यात पत्र असं झालं: 'तत्कालीन परिस्थितीमुळे आपणांस काही गैरसोय झाली असण्याची शक्यता समितीच्या निदर्शनास आली असून...'

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. फोन केला होता, 'पाच मिनिटं येते' म्हणाली होती. आली तेव्हा मी ओळखलंच नाही. निम्मी झाली होती. नाकाच्या दांड्यावर मास्कचा काळा वळ. मी पत्र दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं.

"हे कुणी लिहिलं, काका?"

"मीच."

"अक्षर छान आहे." मग तिने पत्र घडी घालून मला परत दिलं. "पण गैरसोय कुणी केली ते कुठंच नाही यात. आपोआप झाल्यासारखं लिहिलंय."

मी चहा मागवला. तिने नको म्हटलं. मी दोन मागवले आणि दोन्ही माझ्या हातात राहिले. असं दोन्ही हात अडकलेल्या अवस्थेत मी तिला सांगितलं. म्हटलं, मी केली. ती नोटीस माझी. तू आलीस तेव्हा मी घरी नव्हतो असं मावशीला सांगितलं, ते खोटं होतं. मी वरच उभा होतो.

"माहितीये. चादरीखाली पाय दिसत होते. निळ्या पट्ट्याच्या चपला."

चहा हातावर सांडला.

"तुम्ही भ्यालात त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "इथं सगळेच भितात. मीबी भिते. पेशंटचा हात धरायच्या आधी रोज भिते. पण खाली कामून आला नाहीत? मी तिथं उभी होते ती त्याचसाठी. म्हटलं, हे पाय आता खाली येतील. आत घेऊ नका, पण दोन पायऱ्या तरी उतरतील. कुणाचेच उतरले नाहीत."

मी फक्त मावशीचं सांगितलं, रुमालात गुंडाळलेल्या बाळाचं आणि रिकाम्या गव्हाणीचं. ती एकदम दुसरीकडे बघू लागली.

"आणि पत्रातला तो सत्कार कुणाचा?" तिने विचारलं.

"तुझा. शाल आणलीय."

"मावशीला द्या. थंडीत तिचे खांदे दुखतात. चोवीसला माझी रात्रपाळी आहे, आठला हजर व्हायचं. त्याआधी जमलं तर बघते. वचन देत नाही. फोटोवाले असले तर दारातून परत जाईन."

मी परळहून लालबागला चालत आलो. पुलाखालून येताना तो धर्मशाळेचा मालकच डोक्यात होता. लहानपणी आम्ही मावशीला विचारायचो, "मग त्याला देवाने काय शिक्षा केली?" ती म्हणायची, "शिक्षा खयची? तेका कोण इचारता. ती दोघा फुडे गेली, थंय गोठो होतो." बस. गोष्ट त्याच्यासाठी थांबतच नाही. त्याने दार लावलं आणि तारा जिथे यायचा तिथे आला. मला यात दिलासा वाटला आणि अपमानही. माझ्या नोटिशीने ती मुलगी संपली नाही. ती त्या आठ महिन्यांत माणसांचे हात धरत होती. मावशीचं प्रेम बांबूवरून पिशवी द्यावी तसं रोज फोनवरून पलीकडे जात होतं. मी अडवलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी फक्त बाहेर राहिलो होतो. आणि त्या गोठ्याला दार नसतं, पाहा. एक बाजू मोकळीच ठेवतात. उशिरा आलेल्या माणसालाही आत डोकावता येतं.

घरी येऊन मी खडू घेतला आणि समितीला न विचारता फळ्यावर लिहिलं, 'एप्रिलमध्ये मावशीकडच्या मुलीला आपण फाटकाबाहेर ठेवलं. नोटीस मी लिहिली आणि तोंड लपवलं. चूक माझी आहे. ती चोवीसला आली तर तिला येऊ द्यावं आणि फोटो काढू नयेत. चिटणीस.'

अध्यक्ष धावत आले. "ही काय सूचना आहे? हा कबुलीजबाब झाला! निदान 'हुकुमावरून' तरी लिही."

"हुकूम कुणाचा?"

ते विचारात पडले आणि वर गेले. बायकोने खाली येऊन वाचलं. "अक्षर या वेळी जरा वाईट आलंय," ती म्हणाली. "बरं झालं."

चोवीसला संध्याकाळपासून लोक गॅलऱ्यांत उभे. रात्री संचारबंदी, त्यामुळे मध्यरात्रीचा जन्मही अलीकडे घेतलेला. सरकारने वेळ ठरवून दिल्यावर देव तरी काय करणार. मावशी शाल पांघरून खुर्चीवर, मांडीवर रुमालाची पुरचुंडी. साडेसहा झाले. पावणेसात झाले. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "येत नाही ती. मी असतो तर आलो नसतो." त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य.

सात वाजता ती आली. पाठीला सॅक, ड्युटीचे बूट. मी फाटकात उभा होतो. या म्हटलं. ती सरळ पटांगणातल्या नळावर गेली आणि हात धुऊ लागली, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून. मग वळून म्हणाली, "मावशी, तुमचेबी धुवा. बाळाला हात लावायचाय ना? काका, तुम्ही कामून उभे? या." मग काय, समिती रांगेत. अध्यक्षांनी इतका साबण लावला की नळाखाली फेस साचला.

चौरंगापाशी आल्यावर तिला शाडूची बाई दिसली.

"ही कोण?"

"तू," मी म्हणालो. मला खोटं बोलता आलं नाही.

"एवढी जाडी?" ती वाकून बघायला लागली. "अन् मास्क नाकाखाली! हिला आधी ड्युटीवरून काढा." सगळी चाळ हसली, मूर्तिकार धरून. त्यानेच ती नर्स उचलून फळ्यामागे नेऊन ठेवली. तिथे चौरंग थोडा मोकळा झाला आणि गाय दिसू लागली.

मावशीने पुरचुंडी सोडली. मुलीने ते वीतभर बाळ दोन्ही हातांत घेतलं, मानेखाली बोटं देऊन, खरं असावं तसं. गव्हाणीत ठेवलं, जरा विचार केला, आणि त्याला हलकेच कुशीवर वळवलं. "उताणं नको. दूध वर येतं," ती मावशीला म्हणाली. मग रुमालाची घडी करून डोक्याखाली सरकवली. तिच्या हाताला ते काम रोजचं होतं, त्यामुळे त्यात काही दाखवण्यासारखं नव्हतं, आणि त्यामुळेच वरच्या गॅलरीत बायका डोळे पुसत होत्या. आम्ही आठवडाभर त्या चौरंगावर चक्र, पडदा, हार चढवत होतो. देव आहे असं मला त्या एका वळवण्यात पहिल्यांदा वाटलं. मावशी मालवणीत पुटपुटत होती. काय ते मी ऐकलं नाही, माझ्याशी बोलत नव्हती ती.

"आता रव हंयच," मावशी म्हणाली.

"राहायला नाही येणार, मावशी." मुलीने तिच्या गुडघ्याशी बसून सांगितलं. "मन होत नाही. पण सुटीला येत जाईन. दर सुटीला."

"येत जाईन म्हणजे पावणी."

"पाहुणीच. पण तुमचं ते बांगड्याचं सार खाईन."

मावशीने डोळे पुसले आणि नेवऱ्यांचा डबा तिच्या सॅकमध्ये कोंबला, वर आणखी एक डबा. सॅक बंद होईना. साडेसात झाले होते. दुसरा डबा मी उचलला आणि तिच्यामागून निघालो. ती नको म्हणाली नाही, बोललीही नाही. दोन हातांचं अंतर ठेवून आम्ही परळच्या रस्त्याने चालत राहिलो.

हॉस्पिटलच्या अलीकडे मला पालिकेच्या, मास्कचा दंड घेणाऱ्या मार्शलने अडवलं. घाईत माझा मास्क गॅलरीतल्या दोरीवरच राहिला होता. "ओ काका, थांबा. नियम वाचता येत नाहीत का?" त्याने पावतीपुस्तक काढलं. ती पुढे गेली होती, ती परत आली.

"मॅडम, तुमच्यासोबत आहेत का हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल, आणि ते बरोबरच होईल.

"आमच्या चाळीतले आहेत," ती म्हणाली. "मला सोडायला आलेत." सॅकच्या खिशातून एक नवा मास्क काढून तिने माझ्या हातावर ठेवला, डबा घेतला आणि फाटकातून आत गेली.

मार्शलने पुस्तक मिटलं. "नशीबवान आहात, काका. घाला तो आणि जा घरी."

मी मास्क घातला, आणि तरीही जरा वेळ तिथेच उभा राहिलो.